पुढचा शॉकअप गळतोय : सील एकाच बाजूचं बदलावं की दोन्ही?

खंबाटकी_रिटर्न

मंडळी, सल्ला हवाय.

गाडी १५० सीसीची, २०१७ सालची, ५१ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्या प्रतिसादापासून ही कंपनी भारी की ती भारी सुरू होईल आणि माझा शॉकअप आपला गळतच राहील.

पुढचा उजवा शॉकअप गळतोय. आधी पाईपवर, आतलं तेल अडवणाऱ्या रबरी सीलच्या वर, नुसती तेलाची रिंग दिसायची, ती फडक्याने पुसून विषय सोडून दिला. आता पाईप ज्यात वर-खाली होतो त्या खालच्या नळकांड्यावर, म्हणजे बॉटमवर, ओघळ आलाय, त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झालाय. खड्ड्यातून जाताना पुढून ‘ठक्’ वाजतं आणि ब्रेक मारला की गाडी पुढून एकदम बसते.

शोरूमवाले म्हणतात, दोन्ही बाजूंची पूर्ण असेंब्ली बदला, साडेसात हजार. आमच्या चौकातले मेकॅनिक म्हणतात, "एक सील टाकतो, तेल टॉपअप करतो, साडेतीनशे द्या. चहा पिऊन या तोवर." आता साडेसात हजार आणि साडेतीनशे, मध्ये काहीतरी असेलच ना?

एकाच बाजूचं सील बदलून चालतं का? तेल कुठलं घालायचं? आणि हे घरी जमण्यातलं काम आहे का? हाताशी पाने आहेत, रविवार मोकळा असतो, बायको माहेरी जाणार आहे.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. माझीही गळतेय. (गाडी.)

पाना_१०_११

बाकी सगळं नंतर. डिस्क कुठल्या बाजूला आहे? उजवीकडेच असेल तर आधी खाली बसून कॅलिपर (डिस्कवर ब्रेकपॅड दाबणारा भाग) बघा. शॉकअपचं तेल बॉटमवरून ओघळत कॅलिपरवर येतं, तिथून पॅडवर. पॅडने एकदा तेल प्यायलं की ब्रेक लोण्यात लावल्यासारखा लागतो. तोपर्यंत घाटात गाडी घालू नका. विनोद करत नाहीये.

आणि ज्या पॅडने तेल प्यायलंय तो घासून, धुऊन, गॅसवर भाजून परत लावायचा नाही. नवा टाकायचा. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरने किंवा थिनरने पुसून वापरता येते.

खंबाटकी_रिटर्न

डिस्क उजवीकडेच आहे. 😟 कॅलिपरच्या वरच्या अंगाला तेल दिसतंय, पॅडपर्यंत गेलंय का ते कळत नाही. उद्यापासून एसटी.

जुना_बुलेटवाला

एवढं घाबरवू नका हो माणसाला. आमच्या वडिलांची १९८४ ची बुलेट, अजून माझ्याकडे आहे. तिच्या पुढच्या शॉकअपला आम्ही आयुष्यभर इंजिनचंच तेल घातलं. कॅनमध्ये जे उरेल ते. फोर्क ऑइल म्हणजे शॉकअपचं खास तेल, त्याचे दहा डब्ल्यू, पंधरा डब्ल्यू असे घट्टपणाचे आकडे, हे सगळं अलीकडचं फॅड. एक सील गळलं तर एक बदलायचं. एका डोळ्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टर दुसराही कापतो का?

सौ_किकस्टार्ट

काका, डोळ्यांचं उदाहरण छान आहे, पण दोन्ही डोळ्यांना एकाच नंबरचा चष्मा लागला तर बरं असतं ना? इथे प्रश्न तोच आहे. उजव्या पायात, म्हणजे शॉकअपमध्ये, ताजं तेल, डाव्यात पाच वर्षांचं पाणचट झालेलं. दोन्ही पाय एकाच एक्सलला बांधलेत. एक जण सावकाश बसणार, दुसरा घाईत. सील एक बदला हवं तर, पण तेल दोन्हीकडचं बदलायलाच हवं. आणि तेल काढण्यासाठी दोन्ही उघडणारच आहात, तर सव्वाशे रुपयांचं दुसरं सील वाचवून काय करणार?

इंजिनच्या तेलाबद्दल : २० डब्ल्यू ४० हे इंजिनचं तेल चाळीस अंशाला साध्या १० डब्ल्यू फोर्क ऑइलच्या जवळपास तिप्पट घट्ट असतं. इंजिनात ते तापतं आणि पातळ होतं, म्हणून चालतं. शॉकअप तापतो कितीसा? थंडीत सकाळी सहाला महाबळेश्वरहून खाली या, पुढचं चाक खड्ड्यात बसायलाच तयार नसतं. बुलेट जड आहे आणि तुमचा हातही, म्हणून इतकी वर्षं जाणवलं नसेल.

शिवाय डब्यावरच्या ‘१० डब्ल्यू’वर डोळे मिटून जाऊ नका. फोर्क ऑइलच्या बाबतीत हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने लावते. एकीचं दहा दुसरीच्या साडेसातसारखं वागतं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात चाळीस अंशाची सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं माप) दिलेली असतात, तुलना त्याची करायची. आणि दोन कंपन्यांची तेलं मिसळायची नाहीत.

(पिंपरीत एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. दिवसभर मोजमापंच करते, म्हणून घरीही तोच रोग.)

जुना_बुलेटवाला

हात जड आहे हे बरोबर ओळखलंत. बाकी मान्य नाही.

अर्धवट_मेकॅनिक

घरी करता येतं का, याचं उत्तर देण्याचा अधिकार या संस्थळावर माझ्याइतका कोणाला नसेल.

पहिल्यांदा केलं तेव्हा शॉकअप गाडीतून काढला, हॉलमध्ये पेपर पसरले, मांडीत धरला आणि वरचा बोल्ट खोलायला घेतला. हलेना. मग लक्षात आलं की हा बोल्ट पाईप टी-मध्ये (हँडलखाली दोन्ही पाईप धरणाऱ्या पट्टीत) घट्ट असतानाच सैल करून ठेवायचा असतो. ठीक आहे, पाईप व्हाइसमध्ये धरला (खाली लाकूड घेतलं होतं, एवढी अक्कल होती), पाना लावला, जोर लावला. शेवटचा आटा सुटला आणि आतल्या स्प्रिंगने बोल्ट असा उडवला की तो पंख्याच्या पात्याला लागून टीव्हीमागे गेला. पंखा त्या दिवसापासून ‘टिक टिक’ करतो. बायको पाहुण्यांना अजून दाखवते.

पुढची गंमत खालच्या अ‍ॅलन बोल्टची. बॉटमच्या तळाशी जो बोल्ट असतो तो आतल्या डॅम्पर रॉडला (शॉकअपच्या हालचालीला तेलाने आवर घालणाऱ्या दांड्याला) धरून ठेवतो. तो फिरवला की रॉडही सोबत फिरतो. तासभर फिरवत बसलो, मला वाटलं आटे गेले. शेवटी शेजारच्या गॅरेजात नेला, त्याने एअर गन लावली, ‘ट्र्र्र’, दोन सेकंद. पैसेही घेतले नाहीत, नुसता हसला. ते जास्त लागलं.

पाना_१०_११

😂 एअर गन नसेल तर झाडूचा लाकडी दांडा. टोक तासून निमुळतं करायचं, वरून पाईपमध्ये घालून डॅम्परच्या डोक्यात ठोकून बसवायचं. एकाने दांडा धरायचा, दुसऱ्याने खालून बोल्ट खोलायचा. दहापैकी आठ वेळा निघतो. किंवा स्प्रिंग आतच असताना, वरचा बोल्ट लावलेला असताना, शॉकअप जमिनीवर दाबून धरा आणि खालचा बोल्ट आधी सैल करा. स्प्रिंगच्या दाबाने रॉड फिरत नाही.

आणि बसवताना त्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवा टाका. जुना टाकला की पंधरा दिवसांनी तळातून थेंब थेंब सुरू, आणि माणूस म्हणतो सीलच डुप्लिकेट निघालं.

उसगावकर

इकडे मिशिगनमध्ये दुकानात नुसती मजुरी विचारली आणि घरी येऊन पाने विकत घेतले. आपली गाडी आपणच खोलणारा मराठी माणूस इथे तसाच तयार होतो.

एक सुचवतो. सील खरंच फाटलंय का हे आधी बघा. बऱ्याचदा सीलच्या आतल्या कडेखाली, म्हणजे ओठाखाली, वाळूचा एखादा कण अडकलेला असतो आणि तेवढ्यानेच तेल येतं. डस्ट सील (वरचं धुळीचं सील) वर सरकवायचं, पातळ लवचिक प्लॅस्टिकची पट्टी कापून तिला एका कडेला आकड्यासारखी खाच द्यायची, पाईप आणि सीलच्या मध्ये घालून गोल फिरवायची आणि वर ओढायची. कचरा बाहेर येतो. इकडे त्याचं तयार अवजार मिळतं, पूर्वी लोक जुन्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हची पट्टी वापरायचे.

तेल म्हणाल तर मी ऑटोमॅटिक गिअरचं तेल घालतो, लाल. दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

सौ_किकस्टार्ट

एक्स-रेची फिल्म! आपल्याकडे प्रत्येक घरात कपाटावर कोणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे असतोच. कात्रीने पट्टी कापा, कडा बोथट करून घ्या. मी सासूबाईंच्या गुडघ्याने दोन शॉकअप साफ केलेत.

रुमालवाला

@सौ_किकस्टार्ट हे वाक्य संदर्भाशिवाय वाचलं तर पोलीस येतील.

कोकणी_मडगार्ड

घाटावरच्या लोकांना सील दिसतं, आम्हाला गंज. देवगडला घर, समुद्र हाकेवर. आमचे मेकॅनिक म्हणतात, "हंय लोखंडाक उन्हाळ्यात सुद्धा गंज धरता." खारी हवा पाईपच्या क्रोमवर बसते, आधी डोळ्यांना न दिसणारे ठिपके पडतात. गाडी चालत असते तोवर पाईपचा जो भाग वरखाली होतो तो पुसला जातो. खरा गंज लागतो पावसाळ्यात चार महिने पडवीत उभ्या केलेल्या गाडीला.

त्यावर रबरी बेलो (घड्यांचं आवरण) घालावेत की नाही, यावर माझी आणि माझ्या भावाची दहा वर्षं भांडणं चालू आहेत. तो म्हणतो बेलो घातले की धूळ-चिखल जात नाही. मी म्हणतो, पाणी एकदा आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, आतल्या आत पाईप सडतो आणि तुला कळतही नाही. तडजोड म्हणून दर महिन्याला बेलोची खालची पट्टी सोडवून आतून पुसायचं ठरलं. अर्थातच कोणी पुसत नाही.

मु_पो_कराड

माझं थोडं अवांतर. माझ्या गाडीत गळती काहीच नाही, पण पुढचा ब्रेक मारला की ‘टक्’ वाजतं. मेकॅनिकने शॉकअपची सीलं बदलली, तेल बदललं, आवाज तसाच. फसवलं का?

पाना_१०_११

फसवलं नाही, चुकला. ते कोनसेट (हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग) आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडाचा ओंडका सरकवून पुढचं चाक अधांतरी करा. खाली बसून दोन्ही बॉटम हातात धरून पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी ‘टक’ लागलं तर कोनसेट सैल किंवा गेलेला. मग हँडल सरळ धरून हळूच डावी-उजवीकडे सोडा. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर बॉल आणि वाट्या बदलाव्या लागतील, नुसतं आवळून उपयोग नाही.

मूळ धाग्यातला ‘ठक्’ यापेक्षा वेगळा आहे. शॉकअपमधलं तेल कमी झालं की खड्ड्यात पाईप शेवटपर्यंत आपटतो, आवाज जड येतो.

मु_पो_कराड

अगदी मध्यभागी अडकतं हो. धन्यवाद. आता ते सीलचे पैसे परत कसे मागू हे सांगा.

जुना_बुलेटवाला

माझ्या लहानपणी घरी चेतक होती. पुढे एकच शॉकअप, चाक एकाच बाजूने धरलेलं. ‘एक बदलू की दोन’ हा प्रश्नच नव्हता. सुखी माणसं होतो.

उसगावकर

आणि त्याच्याही आधी मोटरसायकलींना पुढे नुसत्या स्प्रिंगा आणि सांधे असत. तेलाने आवर घातलेला दुर्बिणीसारखा फोर्क बाजारात विकायच्या गाडीवर पहिल्यांदा आणला बीएमडब्ल्यूने, १९३५ साली, आर १२ आणि आर १७ वर. म्हणजे ही आपली कटकट नव्वद वर्षांची झाली.

खंबाटकी_रिटर्न

सगळ्यांचे आभार. एक्स-रेवाला प्रयोग करून बघितला (मेव्हण्याचा खांदा). बराच काळा चिखल निघाला, दोन दिवस गळती थांबली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

आणि एक सांगायचं राहिलंच. हेच उजवं सील मागच्या दिवाळीत बदललं होतं. तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजात दिली होती गाडी. म्हणजे सात-आठ महिने झाले असतील. बहुतेक सील डुप्लिकेट होतं.

पाना_१०_११

अहो! हे पहिल्या प्रतिसादात सांगायचं. एवढा वेळ आम्ही तेलाच्या सेंटिस्टोक्सवर भांडतोय.

सात महिन्यांत सील दुसऱ्यांदा गेलं तर सीलला शिव्या देणं बंद करा आणि पाईप बघा. सील म्हणजे रबराचा ओठ आहे. ज्यावर घासतो ते खरखरीत असेल तर सोन्याचं सील आणा, सहा महिन्यांत फाटणार.

पाईप स्वच्छ पुसा. डस्ट सीलच्या वर साधारण चार-पाच बोटं, जो भाग गाडी बसल्यावर सीलमधून आत जातो, तिथे अंगठ्याचं नख सावकाश वर-खाली, सगळीकडून फिरवा. मागच्या बाजूला पण, जी दिसत नाही. कुठे नख अडकतंय?

खंबाटकी_रिटर्न

अडकतंय. 😐 पुढच्या बाजूला, खालच्या टी-पासून एक वीतभर खाली. खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा आहे, त्याच्या शेजारी अजून दोन बारीक. बॅटरीच्या उजेडात तिरपं बघितल्याशिवाय दिसत नाही. समोरच्या ट्रकने उडवलेली खडी लागली असणार, आणि मग पाऊस.

पाना_१०_११

सापडला चोर.

सौ_किकस्टार्ट

आता तीन वाटा आहेत.

खड्ड्याची कड वर आलेली असेल (नख वर जातानाही अडकतं आणि खाली येतानाही) तर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात बुडवून फक्त ती कड मारायची. पाईपवर गोल फिरवत घासायचं. उभ्या रेघा मारल्या तर तेलाला वर यायला पन्हाळी करून दिल्यासारखं होतं. मग खड्डा दोन घटकांच्या पक्क्या डिंकाने भरून, वाळल्यावर समतल करायचा. काही लोक नेलपॉलिश भरतात. मी भरलं होतं, वर्षभर टिकलं. रंग चकचकीत लाल होता, कारण तोच घरात होता.

दुसरी वाट, पाईप घासून पुन्हा हार्ड क्रोम करून घेणं. भोसरीला, कोल्हापूरला उद्यमनगरात असली कामं करणारे आहेत. जुन्या गाड्यांना, जिथे नवा पाईप मिळतच नाही तिथे हे करतातच. पण क्रोमनंतर ग्राइंडिंग करून मूळ मापावर आणणारा हवा. नुसता चकाचक करून दिला आणि माप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात चुकलं तरी सील किंवा बुश (पाईप ज्यात सरकतो ती कडी) बोंब मारणार.

तिसरी, नवा पाईप. तुमची गाडी २०१७ ची आहे, सुटा पाईप मिळतो. नाना पेठेत किंवा कंपनीच्या स्पेअरच्या काउंटरवर पार्ट नंबर घेऊन जा. पूर्ण असेंब्लीची गरज अजिबात नाही.

पाईप वाकलेला नाही ना तेही बघा. काढला की जाड काचेवर, टेबलाच्या काचेवर चालेल, हळू लोळवा. पाईपच्या खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर वाकलाय. कारखान्यात आम्ही व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून, फिरवून मापाचा डायल लावतो. बऱ्याच मॅन्युअलांत ०.२ मिमीची मर्यादा असते.

जुना_बुलेटवाला

आमच्या बुलेटचा पाईप दोनदा सरळ करून आणलाय.

सौ_किकस्टार्ट

काका, क्रोमला चिरा पडतात हो सरळ करताना. जाऊ दे. बुलेटला तुमची सवय झालीये.

अर्धवट_मेकॅनिक

आता रविवारचा कार्यक्रम ठरलाच असेल तर माझ्या चुका फुकट घ्या.

सील बसवताना पाईपच्या वरच्या कडेवर दुधाची पिशवी चढवा, तिला आतून-बाहेरून तेल लावा, मग सील सरकवा. त्या कडेची धार ब्लेडसारखी असते. मी नवं सील थेट घातलं होतं, गाडीवर बसण्याआधीच फाटलं. सीलच्या एका बाजूला आत बारीक स्प्रिंगची कडी दिसते, ती बाजू खाली, तेलाकडे. नंबर छापलेली बाजू वर.

ठोकायला प्लंबरकडचा पीव्हीसी पाईप, शॉकअपच्या पाईपवरून सरकेल एवढा. सीलवर जुनं सील ठेवायचं आणि त्यावर पीव्हीसीने ठोकायचं. ‘टप टप टप’ असा आवाज एका क्षणी ‘टण्’ होतो, तेव्हा सील तळाला बसलं. सर्कलिपची (सील जागेवर धरणाऱ्या तारेच्या कडीची) खाच पूर्ण गोल दिसली पाहिजे. दिसत नसेल तर सर्कलिप जबरदस्तीने कोंबू नका, सील अजून वर आहे. जुनं सील आठवणीने काढा. मी एकदा दोन्ही सीलं आत ठेवूनच सर्कलिप शोधत होतो.

खंबाटकी_रिटर्न

तेल किती घालायचं पण? मॅन्युअलमध्ये प्रत्येक बाजूला मिलीलिटर दिलेत आणि खाली वेगळं मिलिमीटरमध्ये काहीतरी आहे.

सौ_किकस्टार्ट

मिलिमीटरवालं जास्त महत्त्वाचं. मिलीलिटरचं माप पूर्ण कोरड्या शॉकअपसाठी असतं. तुम्ही कितीही उलटा टांगलात तरी आत थोडं जुनं तेल राहतंच, आणि ते दोन्हीकडे सारखं राहत नाही.

आधी मापाच्या थोडं कमी तेल घाला. स्प्रिंग बाहेर. पाईप सावकाश आठ-दहा वेळा वर-खाली करा, आधी ‘गुळूक गुळूक’ होईल, मग सगळीकडे सारखा जोर लागायला लागेल. म्हणजे डॅम्परमधली हवा गेली. दहा मिनिटं उभा ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. मग पाईप पूर्ण खाली दाबून, शॉकअप अगदी उभा धरून, पाईपच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. मॅन्युअल कसं मोजायला सांगतं ते मात्र वाचा, बहुतेक ठिकाणी स्प्रिंगशिवाय आणि पूर्ण दाबूनच असतं.

मोजायला सोपी युक्ती : औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा, पुढे सलाईनची नळी लावा. नळीवर हव्या त्या अंतरावर चिकटपट्टी. हवा गेल्यावर तेल मुद्दाम थोडं जास्त घाला, पट्टी कडेला टेकवून नळी आत सोडा आणि ओढत राहा. सिरिंजमध्ये हवा यायला लागली की पातळी बरोबर त्या जागी. दोन्ही पाय केसाच्या अंतराने सारखे होतात.

वर उरलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच असते. तेल जास्त भरलं की हवेला जागा कमी, शेवटच्या दोन-तीन इंचांत शॉकअप दगड होतो, आणि तो दाब सगळा सीलवर येतो. "जरा जास्तच घाल रे, टिकेल" म्हणणारे लोक सीलं अशीच उडवतात.

उसगावकर

सिरिंजवाली युक्ती आवडली. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोकणी_मडगार्ड

एक प्रामाणिक शंका. गळत नसेल तरी तेल बदलायचं का? आमच्याकडे कोणीच बदलत नाही. गळलं की उघडायचं हाच नियम.

पाना_१०_११

आमच्याकडेही तोच. गिऱ्हाईक इंजिनचं तेल तीन हजारला स्वतःहून बदलायला येतं, शॉकअपचं दहा वर्षं विचारत नाही, कारण त्याला कांडी लावून बघता येत नाही. पण आत बुश घासतायत, अ‍ॅल्युमिनियमची पूड पडतेय, पावसाचं पाणी शिरतंय, आणि फिल्टर नावाची वस्तूच नाही. जे काय मिसळलं ते तिथेच. एकदा काढून बघा. राखाडी, पाण्यासारखं, आणि कुजक्या मासळीचा वास.

मी तीस हजारला किंवा तीन वर्षांनी सांगतो. ऐकतो कोण.

कोकणी_मडगार्ड

मासळीच्या वासाला नावं ठेवू नयेत.

जुना_बुलेटवाला

परवा या धाग्यामुळे तिरीमिरीत बुलेटचं काढलं. २०११ नंतर पहिल्यांदा. बोलत नाही मी. वास खरा आहे.

(१० डब्ल्यूची बाटली आणलीय. फक्त बघायला.)

खंबाटकी_रिटर्न

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व.

शेवटी घरी एकट्याने नाही केलं. चौकातल्याच मेकॅनिकभाऊंना विचारलं, "रविवारी तुमच्या शेडमध्ये मी बसतो, मी सांगेन तसं करायचं, मजुरी पूर्ण देतो." आधी हसले, मग तयार झाले. उजवा पाईप नवा आणला. मूळ असेंब्लीच्या साडेसात हजारांच्या जागी पाईप, चार सीलं (दोन तेलाची, दोन धुळीची), तांब्याचे वॉशर, तेल, ब्रेकपॅड आणि मजुरी धरून २,९०० झाले.

उघडल्यावरचं दृश्य मात्र सांगतो. मी दोन बिसलेरीच्या बाटल्या कापून ठेवल्या होत्या, डाव्याचं तेल एकीत, उजव्याचं दुसरीत. डावीकडून निघालं १३५ मिली, राखाडी, तोच वास. उजवीकडून, इतके महिने गळूनही, १९० मिली. आणि ते मधासारखं दाट, पिवळं. भाऊंनी बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, म्हणाले, "हे इंजिन ऑइल आहे." म्हणजे दिवाळीला ज्याने सील टाकलं त्याने पाईपवरचा खड्डा बघितलाच नाही, आणि वर इंजिनचं तेल गळ्यापर्यंत भरून दिलं. सात महिने मी एका बाजूला मध आणि एका बाजूला पाणी घेऊन घाट चढत-उतरत होतो.

दुधाची पिशवी काढली तेव्हा भाऊ म्हणाले, "हे कुठे शिकलात?" म्हटलं, एक काका आहेत, पंख्याला बोल्ट मारणारे.

बसवताना भाऊंनी एक गोष्ट केली जी इथे कोणी लिहिली नाही. चाक, एक्सल, मडगार्ड सगळं लावून बोल्ट अर्धवटच आवळले. गाडी स्टँडवरून उतरवून, पुढचा ब्रेक दाबून हँडलवर जोराने सात-आठ वेळा दाबलं. शॉकअप आपापल्या जागी सरळ झाले, मग सगळं खालून वर आवळत आले. म्हणाले, तिरपे राहिले तर पाईप एका अंगाला घासतो आणि सील परत जातं.

काल पॅड जमवून घेतले आणि घाटातून आलो. पुढचं चाक रस्त्याला चिकटल्यासारखं वाटतंय. ‘ठक्’ गेला. आता मागून एक ‘कुई’ ऐकू येतेय, ती आधीपासून होती की काय कोणास ठाऊक.

अर्धवट_मेकॅनिक

काका?? मी अडतीस वर्षांचा आहे.

पाना_१०_११

छान काम. भाऊंना माझा नमस्कार सांगा, वर-खाली दाबायचं लिहायचं माझ्याकडून राहिलं. आता आठवडाभर रोज सकाळी पाईप कोरड्या फडक्याने पुसा. पहिले दोन-तीन दिवस बसवताना लावलेल्या तेलाची पुसट रिंग येते, त्याने दचकू नका. चौथ्या दिवशीही आली तर इथे लिहा. जुनं तेल गटारात ओतलं नाही ना?

खंबाटकी_रिटर्न

नाही, भाऊंच्या पिंपात. भंगारवाला नेतो.

सौ_किकस्टार्ट

जुना पाईप फेकू नका. सरळ आहे ना? नेलपॉलिश भरून स्पेअर म्हणून ठेवा.

रुमालवाला

मी आज माझ्या पाईपवर नख फिरवून बघितलं. अडकलं. डाव्या बाजूला, मागून. ओळीने तीन ठिकाणी. नवाच पाईप आणू ना सरळ?

पाना_१०_११

आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि मग परत नख फिरवा. ओळीत तीन म्हणजे चिखल वाळलेला असेल.

रुमालवाला

चिखलच होता. रुमाल काढून घेतो.